वेल्डिंग मशीन घेताय? डब्यावरचा आकडा सोडा, मागची पट्टी वाचा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

घरच्या कामासाठी छोटं वेल्डिंग मशीन घ्यायचं हल्ली खूप वाढलंय आणि माझ्या मते ते चांगलंच आहे, पण लोक जे बघून मशीन पसंत करतात ते बघून घेऊ नये एवढं सांगायला हे पत्र लिहितोय. लांबलं तर फार कापू नका ही विनंती, कारण यात पैशाचा पण प्रश्न आहे आणि जीवाचा पण. माझी सगळी नोकरी कोल्हापूर भागातल्या एका साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये वेल्डर म्हणून गेली, हंगामात ऊस पिळणाऱ्या मिलच्या रोलरचे दाते झिजतात ते चालत्या रोलरवर रॉड मारून (म्हणजे वेल्डिंगची काडी वितळवून) उठवायचं काम आम्ही केलंय, आणि रिटायर झाल्यावर आता गल्लीतली, पावण्या-रावळ्यांची पोरं मशीन घ्यायच्या आधी कमी आणि घेतल्यावर जास्त विचारायला येतात. म्हणून म्हटलं एकदा सगळ्यांनाच सांगावं.

पहिली गोष्ट म्हणजे डब्यावर मोठ्या अक्षरात छापलेला अँपियरचा आकडा. २००, २५०, ३००, आता तर ४०० पण लिहितात, आणि किंमत चार-पाच हजार. मशीन केवढं तर टिफिनच्या डब्यापेक्षा थोडं मोठं. गिऱ्हाईकाला वाटतं जेवढा आकडा मोठा तेवढं मशीन दमदार. माझा भाचा असंच ३०० वालं घेऊन आला आणि म्हणाला, "मामा, तुमच्या कारखान्यातल्या वेल्डिंग सेटएवढं आहे बघा हे." मी केबलभोवती अडकवून करंट मोजायचा, डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लावला (साधा एसीवाला क्लॅम्प मीटर इथं चालत नाही, हे लक्षात ठेवा), नॉब पूर्ण फिरवला, जाड प्लेटवर रॉड चालवला, तर मीटर १३० च्या वर काही जाईना. मशीन बंद पडलं नव्हतं, खराब पण नव्हतं, घरच्या कामाला १३० भरपूर होतात. पण पैसे त्यानं ३०० चे मोजले होते, आणि त्याच पैशात खरं १६० चं, चांगल्या केबलचं मशीन आलं असतं.

आता याच्यातली खरी गोम सांगतो. मशीन खरोखर २०० अँपियर देणारं असलं तरी तुमच्या घरातून त्याला तेवढी वीज मिळणारच नाही. हिशोब अवघड नाही. आर्क (रॉड आणि लोखंड यांच्यामधली विजेची ज्योत) चालू असताना होल्डरवर (रॉड धरायच्या मुठीवर) साधारण २३-२४ व्होल्ट असतात. २.५ एमएमचा रॉड ८० अँपियरवर चालवला तर ८० गुणिले २३ म्हणजे १८५० वॉटच्या आसपास. मशीन स्वतः थोडं खातं, आणि स्वस्तातल्या इन्व्हर्टर मशीनचा (म्हणजे हीच सर्किटवाली छोटी, हलकी मशीन, घरचा बॅटरीचा इन्व्हर्टर नव्हे) पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या करंटचा किती भाग खऱ्या कामाला येतो ते प्रमाण, चांगला नसतो, ते सगळं धरलं तर भिंतीतल्या पॉइंटमधून १४-१५ अँपियर ओढले जातात. म्हणजे घरातला जो गिझरचा, एसीचा मोठा १६ अँपियरचा पॉइंट असतो तो ८०-९० वरच भरला. १२० अँपियरवर चालवलं की २२-२३ ओढतं, आणि २०० वर गेलात तर ४० च्या आसपास. हे मोबाइल चार्जिंगच्या ६ अँपियरच्या पॉइंटवर लावणारे मी बघितलेत, पिन काळी पडते, प्लास्टिकचा वास येतो, आणि मग मशीन बोगस आहे म्हणतात.

एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) लगेच पडत नाही म्हणून वायरिंग सोसतंय असं समजू नका. १६ चा एमसीबी २० अँपियरला बराच वेळ तग धरतो, त्याची रचनाच तशी आहे, तेवढ्या वेळात भिंतीतली जुनी वायर आतल्या आत तापत असते. जुन्या घरात, वाड्यात, एकदा केलेलं वायरिंग तीस-तीस वर्षं तसंच असतं. म्हणून माझं म्हणणं असं की मशीन घ्यायच्या आधी वायरमनला बोलवा, मीटरजवळून वेगळी ४ स्क्वेअर एमएम तांब्याची वायर ओढून एक स्वतंत्र पॉइंट करून घ्या, त्याला स्वतःचा एमसीबी, घराला ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी (वीज गळायला लागली की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर तोही, आणि अर्थिंग खरोखर जमिनीत गेलंय का ते नुसत्या टेस्टरनं न बघता मीटरनं बघायला सांगा. हा खर्च मशीनच्या किमतीत धरूनच बजेट काढा. वीजबिलावर मंजूर भार लिहिलेला असतो तो पण बघा, तिथं १ किलोवॉट असेल तर आधी तो वाढवून घ्यावा लागेल. आणि घरगुती मीटरवर स्वतःच्या घराचं गेट जोडणं वेगळं, लोकांची गेटं पैसे घेऊन जोडणं वेगळं, २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ मध्ये ज्या कामासाठी कनेक्शन घेतलं त्याच्या बाहेर वापर केला तर दंडाची आकारणी आहे, ते धंदा सुरू करणाऱ्या पोरांनी आधीच समजून घ्यावं.

खेडेगावात अजून एक भानगड, संध्याकाळी मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज १८० च्या खाली येतं. जुना ट्रान्सफॉर्मरचा सेट असेल तर आर्क मऊ पडतो आणि रॉड चिकटतो, हे सगळ्यांना माहीत आहे. इन्व्हर्टर मशीन मात्र व्होल्टेज पडलं की तेवढंच काम करायला जास्त अँपियर ओढतं, म्हणजे २३० ला जे १४-१५ ओढत होतं ते १८० ला १८ च्या पुढे जातं. वायर अजून तापते, तापली की व्होल्टेज अजून पडतं. म्हणून शेतावरच्या घरात सकाळी लवकर काम उरकावं, आणि मशीन घेताना ते किती व्होल्टपर्यंत चालतं ते विचारावं. काही मशीन १६० पर्यंत चालतात, काही २०० च्या खाली गेलं की बंदच पडतात. लांब एक्स्टेन्शन लावणार असाल तर ते पण जाड वायरचंच, आणि गुंडाळी पूर्ण सोडून, गुंडाळलेलं एक्स्टेन्शन वेल्डिंगला वापरलं की आतून वितळतं.

आता ती मागची पट्टी. चांगल्या मशीनच्या मागे नाही तर बाजूला एक छोटी पत्र्याची नाही तर स्टिकरची पट्टी असते, त्यावर चौकटी चौकटीत आकडे असतात. दुकानदार दाखवत नाही, गिऱ्हाईक बघत नाही. त्यात एक्स (X) असं अक्षर असतं, त्याच्यापुढे टक्के, आणि त्या टक्क्याखाली अँपियर. ही ड्यूटी सायकल. १० मिनिटांचा हिशोब असतो. ३० टक्के म्हणजे १० मिनिटात ३ मिनिटं आर्क, ७ मिनिटं विश्रांती. समजा लिहिलंय ३० टक्क्याला २००, ६० टक्क्याला १४० आणि १०० टक्क्याला ११०, तर ते मशीन ११० वर न थांबता चालेल असा अर्थ. असे तीन आकडे एकमेकाशी जुळणारे दिसले की समजायचं बनवणाऱ्यानं मोजून लिहिलंय. आणि जिथं नुसतं ३०० अँपियर लिहिलंय, टक्के नाहीतच, नाहीतर ३०० ला १०० टक्के असं काहीतरी अशक्य लिहिलंय, तिथून चालायला लागा. हे टक्के ४० डिग्रीच्या हवेत मोजायचे असतात असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, आणि आमच्याकडं चैत्र-वैशाखात पत्र्याच्या शेडखाली त्याच्या वरच असतं, विदर्भात तर विचारूच नका, म्हणजे उन्हाळ्यात थोडं कमीच धरायचं.

त्याच पट्टीवर आय-वन-मॅक्स (I1max) आणि आय-वन-इफेक्टिव्ह (I1eff) असे दोन आकडे असतात. पहिला म्हणजे मशीन भिंतीतून जास्तीत जास्त किती अँपियर ओढेल, दुसरा म्हणजे विश्रांती धरून वायरवर सरासरी किती भार पडेल. वायरमनला हा दुसरा आकडा दाखवा, तो वायर बरोबर सांगेल. आणि आयपी २१ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ वरून सरळ थेंब पडले तर आत जाणार नाहीत, एवढाच. पावसात चालतं असा नाही. तिरका पाऊस, ओली जमीन, ओले हातमोजे, असलं काही असेल त्या दिवशी वेल्डिंग नको म्हणजे नको. होल्डर मोकळा असताना त्यावर ६०-७० व्होल्ट डीसी असतात, कोरड्या माणसाला जाणवत पण नाहीत, घामानं भिजलेल्या माणसाला भरपूर होतात.

मग घ्यायचं कुठलं? माझं साधं उत्तर आहे, घरच्यासाठी साधं आर्कचं इन्व्हर्टर मशीन, पट्टीवर खरा १६० ते २०० लिहिलेला, १०० टक्क्याला निदान १०० च्या आसपास देणारं. ब्रँडचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण एकाच नावाखाली चांगलं आणि टाकाऊ दोन्ही मिळतं. पाच ते आठ हजारात हे बसतं. याच्यापेक्षा फार स्वस्त असेल तर कुठंतरी कापलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ते केबलमध्ये कापलेलं असतं. मशीनसोबत येणारी दीड-दोन मीटरची केबल बघा, वरून जाड दिसते, टोक सोलून एक तार कानशीनं घासा. आत पांढरी निघाली तर ती ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा आहे, लवकर तापणार आणि टोकाला तुटत राहणार. आत पण तांबडी असेल तर खरं तांबं. अर्थिंगचा क्लॅम्प (दुसऱ्या केबलची, जोडायच्या लोखंडाला लावायची पकड) पत्र्याचा, चिमट्यासारखा फुळकट असेल तर दुकानातच बदलून पितळेचा दणकट घ्या, अर्धे नवशिके आर्क लागत नाही म्हणून रडतात ते क्लॅम्प ढिला म्हणून आणि त्याच्याखाली रंग, गंज घासला नाही म्हणून.

थ्री-इन-वन म्हणून मिळतं, मिग (रॉडऐवजी मशीनमधून सलग सुटणारी वायर), टिग (टंगस्टनची सुई आणि आर्गॉन गॅस), आर्क (साधा रॉड) सगळं, ते ज्याला गरज आहे त्यानं घ्यावं. दुचाकीचा पत्रा, टेम्पोची बॉडी, १८ गेजची चौकोनी पाइप असलं पातळ काम रोजचं असेल तर गॅसशिवाय चालणारं छोटं मिग खरंच सोपं पडतं, हात लवकर बसतो. पण किंमत दहा-बारा हजारांच्या पुढं, फ्लक्सवाली (आत पूड भरलेली) वायर महाग, आणि कोकणात किंवा पावसाळ्यात ती वायर मशीनमध्येच ठेवली की गंजून अडकते. वायर गॅसशिवायची असेल तर टॉर्च (वायर बाहेर येते ती मूठ) निगेटिव्हला लावायची असते, कारखान्यातून मशीन बहुतेक उलटं लावून येतं आणि लोक आठवडाभर नुसते ठिणग्या उडवत बसतात, आत झाकण उघडलं की त्याचा जोड असतो, तो बदला. टिगबद्दल एकच सांगतो, स्वस्त मशीनवर ॲल्युमिनियम होतं असं कोणी सांगितलं तर पैसे खिशात ठेवा. ॲल्युमिनियमच्या टिगला एसी करंट लागतो, ही छोटी मशीन फक्त डीसी देतात, आणि वर आर्गॉनचं सिलिंडर, रेग्युलेटर, टॉर्च हा खर्च वेगळाच.

जुना, तेलाचा किंवा तांब्याच्या वाइंडिंगचा ट्रान्सफॉर्मर सेट स्वस्तात मिळतोय, घेऊ का, असं विचारणारे पण येतात. तो सेट मरत नाही हे खरं. धूळ, उंदीर, गंज, काही सोसतो, आणि बिघडला तर गावातला मोटर वाइंडिंगवाला दुरुस्त करतो. पण वजन इतकं की दोघं माणसं लागतात, वीज खूप ओढतो, घराच्या सिंगल फेजवर शेजाऱ्याचे दिवे लुकलुकतात, आणि एसी करंट असल्यामुळं नवशिक्याला आर्क धरून ठेवणं जड जातं. ज्याची स्वतंत्र शेड आहे, थ्री फेज आहे, त्यानं जरूर घ्यावा. गच्चीवर, ओट्यावर काम करणाऱ्यानं घेऊ नये. इन्व्हर्टर मशीनचा एकच मोठा शत्रू आहे, ग्राइंडरची धूळ. आतला पंखा ती लोखंडाची धूळ ओढतो, ती सर्किटवर बसते, आणि पावसाळ्यात जरा दमट हवा लागली की शॉर्ट. म्हणून ग्राइंडिंग करताना मशीन लांब, नाहीतर वाऱ्याच्या वरच्या बाजूला ठेवा, आणि मधूनमधून पंक्चरवाल्याकडच्या हवेनं बाहेरच्या जाळीतून उडवून घ्या. स्वतः झाकण मात्र उघडू नका, आत कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावर सुद्धा काही वेळ ३०० च्या वर व्होल्ट साठलेले असतात.

रॉडचं सांगतो, कारण मशीनपेक्षा रॉडनं काम जास्त बिघडतं. घरच्या कामाला ६०१३ नंबरचा रॉड घ्या, हा झाला रॉडचा प्रकार, जाडीचा नंबर वेगळा, दुकानात १२ नंबर मागितला की २.५ एमएम मिळतो, १० नंबर म्हणजे ३.१५. गेटची पट्टी, २५ बाय ३ चा अँगल, कुंड्यांचे स्टँड, बिजागरी, कडी-कोयंडा, गोठ्याची गव्हाण, याला १२ नंबर ७० ते ८५ अँपियरवर. ५ एमएमचा अँगल, ट्रॉलीचा हूक, नांगराचं काही असेल तर १० नंबर, १०० ते १२० वर, आणि मगाशी सांगितलं तसं त्याला साधा पॉइंट पुरत नाही. चौकोनी पातळ पाइपला १४ नंबर म्हणजे २ एमएमचा रॉड, ४०-५० अँपियर, होल्डर निगेटिव्हला लावा म्हणजे जॉबला (जोडायच्या लोखंडाला) उष्णता कमी जाते, आणि सलग न ओढता टाके टाके मारत जा. ७०१८ चा रॉड भारी असतो म्हणून कोणी देईल, घेऊ नका, तो भट्टीत तापवून कोरडा ठेवावा लागतो, घरी नाही जमत. साधा ६०१३ पण पावसाळ्यात ओलावा धरतो, मग आर्क तडतडतो आणि जोडात बारीक भोकं येतात. पॅकेट फोडलं की उरलेले रॉड घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बरणीत ठेवा.

बरोबर चाललंय का हे कसं कळतं ते लिहितो, हे लिहून कळणारं नाही तरी. रॉड जॉबला टेकवून नाही, काडेपेटी ओढल्यासारखा घासून पेटवायचा, आणि मग रॉडच्या जाडीएवढंच अंतर ठेवायचं. आवाज एकसारखा, तळणीत भजी सोडल्यासारखा यायला पाहिजे. फटफट आवाज आणि मोठे थेंब उडायला लागले की अंतर जास्त झालं. नजर आर्कच्या प्रकाशावर नाही, त्याच्या मागं लोखंडाचं पाणी होऊन जो डबका तयार होतो त्यावर पाहिजे, तो डबका दोन्ही तुकड्यांना खाऊन पुढं सरकतोय का तेवढं बघायचं, वर तरंगणारा काळपट चिकट भाग तो स्लॅग, तो डबक्याच्या पुढं पळायला लागला तर रॉड जरा मागं झुकवून हात थोडा उरकता घ्यायचा. थंड झाल्यावर चिपिंग हातोडीनं हलकं मारलं की स्लॅगची लांब खपली आपोआप सुटते, खाली एकावर एक चढलेले बारीक खवले दिसतात. खपली खणून काढावी लागत असेल तर अँपियर कमी आहे. नुसतं वर चढलेलं लोखंड, कडेला फट, असं दिसलं तर तो जोड वरून चिकटवलेला आहे, ओढल्यावर निघणार. झोपाळ्याचा हूक, गच्चीचा कठडा, पाण्याच्या टाकीचा स्टँड, जिन्याची पायरी, ज्याच्यावर माणसाचा जीव आहे असलं काही पहिल्या वर्षी स्वतः जोडू नका, हे मी हात जोडून सांगतो.

डोळ्यांचं आता. मशीनवर सहा हजार घालणारा माणूस काचेवर दोनशे घालायला मागं सरतो, आणि काही पोरं तर साधा गॉगल लावून टाका मारतात, डोळे मिटून मारला तर चालतं म्हणतात. नाही चालत. आर्कच्या अतिनील किरणांनी बुबुळाचा वरचा थर भाजतो, त्या वेळी काहीच कळत नाही, सहा-आठ तासांनी, बरोबर मध्यरात्री, डोळ्यात वाळू ओतल्यासारखं होतं, पाणी थांबत नाही, उजेड सहन होत नाही. मग बटाट्याच्या चकत्या, गुलाबपाणी, दुधाचे थेंब, असले उपाय चालू होतात. डोळ्यात यातलं काही घालू नका, डोळ्यांच्या डॉक्टरकडं जा, आणि मेडिकलमधून बधिर करणारे थेंब स्वतःच्या मनानं आणून घालू नका, त्यानं जखम भरायची थांबते. १० नंबरची काळी काच, पूर्ण तोंड आणि गळा झाकणारं शिल्ड, हे कमीत कमी. जमलं तर हजार-बाराशेचं आपोआप काळं होणारं हेल्मेट घ्या, नवशिक्याला त्याचा खरा फायदा असा की रॉड कुठं टेकतोय ते आर्क लागायच्या आधी दिसतं. घ्यायच्या वेळी उन्हाकडं धरून बघा, लगेच काळं व्हायला पाहिजे. आणि बघणाऱ्यांचं काय? पोरं गोळा होतात, शेजारची आज्जी खिडकीतून बघते, पांढऱ्या भिंतीवरून पण किरण परततात. जाड पडदा नाहीतर पत्रा आडवा लावूनच सुरू करा.

धुराचं एकच सांगतो आणि थांबतो. पाण्याच्या लाइनची जस्ताची पाइप, जीआय पाइप, घराघरात पडलेली असते आणि स्टँड करायला ती पहिली हाताशी येते. त्यावर रॉड मारला की पांढरा दाट धूर निघतो, तो जस्ताचा. संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडतं, दुसऱ्या दिवशी उतरतो, त्यामुळं लोक वातावरण बदललं म्हणतात आणि पुढच्या रविवारी परत तेच. दूध प्यायलं की धूर उतरतो हा समज कारखान्यात पण होता, त्यात काही तथ्य नाही. जोडाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच जस्त ग्राइंडरनं काढा, तोंडावर नुसता रुमाल नको, मोकळ्या हवेत, वारा पाठीकडून न येता बाजूनं येईल असं बसा. डिझेलचा डबा, रंगाचा ड्रम, दुचाकीची टाकी, रिकामी दिसली तरी हात लावू नका, आत वाफ असते. आणि ट्रॅक्टरला किंवा गाडीला काही जोडायचं असेल तर आधी बॅटरीची वायर काढा, अर्थिंगचा क्लॅम्प जोडाच्या अगदी जवळ लावा, लांब लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंगला खड्डे पडतात, महिन्याभरानं आवाज यायला लागतो आणि कुणाला कारण सापडत नाही.

साहेब, आपल्या पेपरात दसरा-दिवाळीला अवजारांच्या सेलच्या पानभर जाहिराती येतात. माझी विनंती आहे की त्याच आठवड्यात अर्धं पान हे छापा, मशीनच्या मागची पट्टी कशी वाचायची याचा एक मोठा फोटो टाका. जाहिरात देणाऱ्यांना सुद्धा सांगा की अँपियरच्या शेजारी ड्यूटी सायकलचे टक्के छापा. आणि आयटीआयच्या प्राचार्यांना एक मागणी आहे, वेल्डर ट्रेड एक वर्षाचा आहे, तो नोकरीला जाणाऱ्या पोरांसाठी ठीक, पण शेतकरी, घरगुती वापर करणारे, बचत गटाच्या बायका, यांच्यासाठी सुट्टीच्या दिवशी दोन-तीन रविवारचा छोटा वर्ग का घेत नाही? वर्कशॉप आहे, मशीन आहेत, आमच्यासारखे रिटायर झालेले हात पण आहेत, मी स्वतः फुकट शिकवायला तयार आहे. शिकवलेल्या माणसाला पाच हजाराचं मशीन पण पुरतं.

तोपर्यंत जे कोणी कोल्हापुरात शाहूपुरीत नाहीतर आपापल्या गावच्या हार्डवेअरच्या दुकानात मशीन बघायला जाणार असतील त्यांनी घरातला एक भंगार अँगल आणि पाच-सहा १२ नंबरचे रॉड पिशवीत घालून न्यावेत, दुकानदाराला म्हणावं, साध्या १६ च्या पॉइंटवर ८० ला लावून सलग दोन रॉड माझ्यासमोर जाळून दाखवा. जो आनंदानं दाखवतो आणि बिलावर वॉरंटी व सर्व्हिस सेंटरचा पत्ता लिहून देतो त्याच्याकडून घ्यावं, पाचशे रुपये जास्त पडले तरी. जो म्हणतो डेमो देत नाही, डबा सीलबंद आहे, त्याला नमस्कार करून पुढच्या दुकानात जावं.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त वेल्डर, जि. कोल्हापूर